परसात साप, दारात मोती



या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वहीची दोन पानं, पाठपोट, आणि शेवटच्या ओळींची शाई जरा फिसकटलेली. तिच्या घरी मोती होता. गावठीच, पण सगळ्या आळीचा लाडका. पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी मोती परसात, सरपणाच्या ढिगापाशी, एकसारखा भुंकायला लागला. घरातली झाडून सगळी माणसं तिकडे धावली. बघतात तर ढिगाच्या कडेला घोणस वेटोळं घालून बसलेली, आणि प्रेशर कुकरमधून वाफ सुटावी तसा तिचा फूत्कार चाललेला! कुणी काठी आणली, कुणी विटेचा तुकडा उचलला. काका काठी सरसावून एक पाऊल पुढे सरकले. आपला माणूस पुढे निघालाय म्हटल्यावर मोती मागे कसा राहील? त्यानं झेप घेतली आणि त्याच्या नाकावर दंश झाला. तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत रात्र झाली, तिथं औषध मिळालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोती गेला.

मैत्रीण विचारते, "आम्ही इतकी माणसं तिथं होतो, तरी असं का झालं? साप आधीच मारायला हवा होता का?"

नाही गं. साप आधी मारायला नको होता. मोतीला आधी घरात न्यायला हवं होतं.

वाचायला सोपं वाटतं ना? पण अंगणात साप निघाला की दहा घरांपैकी नऊ घरांत सगळ्यांचे डोळे सापावर असतात. कुत्र्याकडे कुणी बघतच नाही. उलट "छू! छू!" करून त्याला अंगावर घालणारी माणसंही असतात. तुला किंवा तुझ्या काकांना कुणी दोष देऊ नये, कारण हे आपल्याला ना शाळेत शिकवतात ना घरी. म्हणून आज जरा सविस्तर बोलू. आई-बाबांनीही हे पान वाचावं, कारण यातली बरीचशी कामं मोठ्यांनीच करायची आहेत.

आधी कुत्र्याची बाजू समजून घेऊ. कुत्र्याचं सगळं जग नाकात असतं. नवीन काही दिसलं की तो आधी तोंड खाली घालून हुंगतो. म्हणूनच कुत्र्यांना बहुतेक दंश होतात ते नाकाडावर, ओठांवर नाहीतर पुढच्या पायांवर. शिवाय तो राखणदार. गवतात काही सळसळलं की भुंकायचं, आणि माणसं पाठीशी उभी राहिली की दुप्पट जोरानं भुंकायचं, हा त्याचा धर्म. तुम्ही मागे उभं राहून ओरडता ना, ते त्याला "शाब्बास, हो पुढे" असंच ऐकू येतं.

आणि सापाची बाजू? त्याला तुमच्याशी किंवा मोतीशी काहीही देणंघेणं नसतं. तो आलेला असतो उंदरामागे, बेडकामागे, नाहीतर नुसता आडोसा शोधत. विष हे त्याचं शिकारीचं हत्यार. कुत्र्याएवढा प्राणी तो गिळू शकत नाही, मग ते हत्यार त्याच्यावर फुकट कशाला घालवायचं? म्हणून घोणस आधी फूत्कारते, नाग फणा काढतो, फुरसं अंगावरचे करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. "दूर हो" म्हणायची ही त्यांची रीत. माणसाला ती कळते. कुत्र्याला मात्र हे नवीन खेळणं वाटतं.

मुंगसाचं उदाहरण देऊन "कुत्र्याला विष बाधत नाही" असं सांगणारे आजोबा तुम्हाला भेटतील. मुंगूस चपळ तर आहेच, पण त्याच्या शरीराची घडणच अशी आहे की नागाचं विष स्नायूंवर जिथे जाऊन चिकटतं, तिथे ते मुंगसात नीट चिकटत नाही. कुत्र्याला असलं कुठलंही कवच नाही. एखादा कुत्रा चार धामणी मारून बढाईखोर झालेला असतो, तोच पाचव्या वेळी घोणशीपुढे जातो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते बघू. मोतीचं भुंकणं तुम्हाला ओळखता येतं. पोस्टमन आला की वेगळं, मांजर दिसलं की वेगळं. एकाच जागी उभं राहून, थोडं पुढे-मागे होत, एकाच ठिकाणी नजर लावून तो भुंकत असेल तर धावत जवळ जायचं नाही. दहा-बारा फुटांवर थांबा आणि पायाखाली बघा. साप दिसला तर ओरडू नका, दगड मारू नका. तिथूनच मोतीला हाक मारा, आणि हाक मारता मारता घराकडे चालायला लागा. पाठ फिरवून निघालेल्या माणसामागे कुत्रा लवकर येतो. समोर उभं राहून बोलावलं तर तो अंगणातच रेंगाळतो. खाण्याचं ताट वाजवा, बिस्किटाचा पुडा खुळखुळवा. तो आला की आत घ्या आणि दार लावा. घरात दोन कुत्रे असतील तर दोघांनाही आत घ्या. एकाला बांधून दुसऱ्याला विसरण्याची गडबड हमखास होते. मांजर आणि धाकटी भावंडंही याच हिशेबात धरा.

मोती येतच नसेल तर? तर तुम्ही मुलांनी त्याचा पट्टा धरायला जायचं नाही. हे मी अगदी ठासून सांगतोय. सापाच्या टप्प्यात वाकलेला तुमचा हात मोतीच्या नाकाइतकाच जवळ असतो. मोठ्या माणसाला बोलवा. त्यांनी लांब साखळी घेऊन मागच्या बाजूनं यावं, नाहीतर नळाला जोडलेल्या पाइपानं मोतीवर पाण्याचा फवारा सोडावा. भिजलेला कुत्रा भांडण विसरून आधी अंग झटकतो.

कुत्रा आत गेला की निम्मं काम झालं. शांतता झाली की बहुतेक वेळा साप आपणहून निघून जातो. एका मोठ्या माणसानं लांबून फक्त नजर ठेवावी, तो कुठे शिरतो ते बघावं, आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात फोन करावा. साप मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण कायदा बाजूला ठेवला तरी काठी घेऊन पुढे जाणं हा धोक्याचाच मार्ग, कारण काठीच्या टप्प्यात यायचं तर आपल्यालाही सापाच्या बरंच जवळ जावं लागतं. आणि मेलेल्या सापालाही हात लावू नका. मान तुटल्यावरही काही वेळ त्याचा जबडा चावू शकतो.

"पण साप बिनविषारी असेल तर?" असं विचारणारा एक तरी शहाणा तुमच्यात असणारच! असेल की. धामण, दिवड, नानेटी, तस्कर हे सगळे बिनविषारी. पण कवड्या हुबेहूब मण्यारीसारखा दिसतो, आणि डुरक्या घोणस नावाचा निरुपद्रवी साप भल्याभल्यांना खऱ्या घोणशीसारखा वाटतो. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे गडद ठिपके तीन रांगांत असतात, हे पुस्तकात पाठ करणं सोपं. संध्याकाळच्या अंधारात, भुंकणाऱ्या कुत्र्याच्या पलीकडे, पालापाचोळ्यात ते मोजत बसणं शक्य नाही. ओळख पटवायचं काम सर्पमित्राचं.

आता थोडं शिकवणीबद्दल. आपल्याकडे कुत्रा आणला की पहिल्याच आठवड्यात त्याला "शेकहँड" शिकवतात. पाहुण्यांसमोर मिरवायला बरं असतं! शिकवा, माझी ना नाही. पण त्याआधी "ये" शिकवा. एक शब्द ठरवा, किंवा एक ठराविक शिटी. ती हाक फक्त चांगल्या गोष्टीसाठी वापरायची. म्हणजे हाक मारली, तो आला, की लगेच भाकरीचा तुकडा किंवा पाठीवर थाप. आंघोळ घालायला, रागवायला किंवा बांधून ठेवायला त्या हाकेनं कधीही बोलवायचं नाही, नाहीतर तो हिशेब करायला शिकतो. आधी खोलीत सराव करा, मग पडवीत, मग अंगणात, आणि शेवटी चेंडू पडलेला असताना किंवा भिंतीवर मांजर बसलेलं असताना. रोज आठ-दहा वेळा, दोन-दोन मिनिटं. महिना-दीड महिना लागेल. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. ताई "कम" म्हणते, आजी "ये रे बाळा" म्हणते आणि बाबा नुसतीच चुटकी वाजवतात, असं चाललं तर बिचाऱ्यानं काय समजायचं? "सोड" हा दुसरा शब्द. तोंडात धरलेली वस्तू टाकायला लावणारा. हे दोन शब्द पक्के झाले की तुमचा मोती निम्म्या संकटांतून बाहेर.

इतकं करूनही दंश होऊ शकतो. कधी दंश होताना कुणी बघितलेलंही नसतं. कुत्रा एकदम किंचाळून मागे हटला, नाकाड किंवा पाय भराभर सुजायला लागला, लंगडू लागला, चाव्याच्या जागेतून किंवा हिरड्यांतून रक्त थांबेना, तर घोणस किंवा फुरसं असावं असं समजा. त्यांचं विष रक्ताची गोठण्याची ताकद घालवतं, आणि घोणशीचं विष मूत्रपिंडांवरही घाला घालतं. नाग आणि मण्यार यांचं विष नसांचा आणि स्नायूंचा संबंध तोडतं. मग लाळ गळते, पापण्या मिटायला लागतात, मागचे पाय लटपटतात, भुंकणं घोगरं होतं, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. मण्यारीचा दंश तर इतका बारीक असतो की खूण सापडत नाही, सूजही येत नाही. रात्री अंगणात झोपलेला कुत्रा सकाळी उठेना, झिंगल्यासारखा चालतोय, असं दिसलं तर "काहीतरी खाल्लं असेल" म्हणून वाट बघू नका.

दंश झालाय असं वाटलं की पहिली गोष्ट, गळ्यातला पट्टा सोडा. नाका-तोंडावर दंश असेल तर सूज मानेपर्यंत उतरते आणि तोच पट्टा फास होतो. हे आणि उचलणं, दोन्ही मोठ्या माणसानं करायचं. कितीही लाडका असला तरी वेदनेनं कळवळणारा कुत्रा चावू शकतो, म्हणून त्याच्या तोंडाजवळ आपलं तोंड न्यायचं नाही. त्याला चालवू नका. जितकी हालचाल जास्त, तितकं विष लवकर पसरतं. गोणपाटावर किंवा चादरीवर निजवून दोघांनी उचला आणि सरळ गुरांच्या दवाखान्यात किंवा प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. चाव्याच्या वर दोरी आवळणं, ब्लेडनं कापणं, बर्फ, हळद, चुना, मिरची, दूध-तूप पाजणं, यातलं काहीही नको. घरातल्या डोकेदुखीच्या गोळ्या तर मुळीच नकोत, कुत्र्यांना त्या स्वतःच विषासारख्या ठरू शकतात. आणि हो, गडबडीत घरातल्या प्रत्येकाचे हात-पाय बघा. कुत्र्याला सोडवताना माणसालाही दंश झालेला असू शकतो. तसं असेल तर त्या माणसाला निजवून ठेवा, दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सरासरी वर्षाला सुमारे ५८,००० माणसं दगावली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यातली बरीच वेळेवर दवाखान्यात न पोचल्यामुळे. तिथे आधी माणूस, मग मोती.

निघतानाच डॉक्टरांना फोन करून एक प्रश्न विचारा, "तुमच्याकडे सर्पविषावरचं प्रतिविष आहे का?" नसेल तर कुठल्या औषधाच्या दुकानात मिळेल ते विचारा, आणि एका माणसाला तिकडे पाठवा. आपल्या मैत्रिणीच्या मोतीचे मोलाचे तास गेले ते इथेच. कुत्र्यांसाठी वेगळं प्रतिविष नसतं. माणसांसाठीचंच वापरतात, आणि ते प्रत्येक दवाखान्यात ठेवलेलं असेलच असं नाही.

हे प्रतिविष बनतं कसं, ती गोष्ट भारी आहे. आल्बेर काल्मेत नावाचा फ्रेंच डॉक्टर व्हिएतनाममधल्या सायगावला होता. तिथे नागदंशाचे बळी बघून तो या कामाला लागला, आणि १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यानं पहिलं प्रतिविष तयार केलं. रीत तीच आजही आहे. घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या थोड्या मात्रेत टोचतात. घोडा आजारी पडत नाही, पण त्याच्या रक्तात विषाशी लढणारी द्रव्यं तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालतं. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामात जुनं. आणि विष कुठून येतं? तमिळनाडूतले इरुळा हे पिढीजात साप पकडणारे लोक. त्यांनी १९७८ मध्ये चेन्नईजवळ सहकारी संस्था काढली. ते साप पकडतात, विष काढून घेतात आणि सापाला परत रानात सोडतात.

आता वही-पेन्सिल घ्या. घोणशीच्या एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष अंगात जातं. प्रतिविषाचा १ मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. एका कुपीत १० मिलिलिटर. मग किती कुप्या लागतील? करा भागाकार. साधारण १०, बरोबर! आता कोडं असं, की १० किलोच्या कुत्र्याला ७० किलोच्या माणसापेक्षा कमी कुप्या पुरतील का? पटकन "हो" म्हणावंसं वाटतं. पण कुपी शरीराच्या वजनाशी भांडत नाही, ती विषाशी भांडते, आणि साप काही चावताना वजनकाटा लावत नाही. म्हणूनच लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच प्रतिविष देतात. कुत्र्याला किती द्यायचं ते डॉक्टर त्याची लक्षणं बघून ठरवतात. एका कुपीला काही शे रुपये पडतात, तेव्हा हा खर्च मोठाच. परवडेल तेवढंच देऊन झुंजायची पाळी अनेकदा येते, हेही खरं. आई-बाबा "इतके पैसे?" म्हणाले तर लगेच रुसून बसू नका, त्यांना खरोखरच अवघड निर्णय घ्यायचा असतो.

डॉक्टर एक साधी तपासणी करतात. ती तुम्हाला आवडेल. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन नळी वीस मिनिटं हलवायची नाही. मग ती तिरपी करायची. रक्त घट्ट झालं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विषानं काम सुरू केलंय, प्रतिविष हवं. नागाच्या आणि मण्यारीच्या विषाचा पत्ता मात्र या नळीला लागत नाही. तिथे डोळे, पापण्या आणि श्वास बघावे लागतात. श्वास मंदावला तर यंत्रानं किंवा हातानं फुगा दाबून श्वास द्यावा लागतो. प्रतिविषाची कधीकधी जोरदार ॲलर्जी येते, म्हणून ते डॉक्टरांच्याच हातून, त्यांच्या डोळ्यांसमोर द्यायचं. घरी टोचायची ही वस्तू नव्हे.

अंगणाकडे या रविवारी एक चक्कर मारा, मोतीच्या उंचीवरून. म्हणजे खाली बसून! रात्री मोतीच्या ताटलीत उरलेला भात तसाच राहतो का? त्यावर उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप. जेवण झालं की ताटली घासून ठेवा. सरपण, विटा, कौलं, झावळ्या, शेणी यांचे ढीग भिंतीला लागून असतील तर ते घरापासून आणि मोतीच्या झोपायच्या जागेपासून लांब न्या. हलवायचं काम मोठ्यांनी, दिवसाउजेडी, बूट घालून आणि आधी काठीनं ढीग वाजवून. कुत्र्याच्या खोपटाखाली चार बोटांची फट असेल तर ती बुजवा, किंवा खोपटं इतकं उंच करा की खालून आरपार दिसेल. न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाइपाला जाळी बसवा. मोतीला रात्रभर साखळीनं परसात बांधून ठेवत असाल तर तेही बंद करा. मोकळा कुत्रा निदान मागे हटू शकतो, बांधलेल्याला ती सोय नसते. रात्री त्याला फिरवताना बॅटरी घ्या, साखळी आखूड धरा, उंच गवतात नाक खुपसू देऊ नका.

बाकी फिनेल शिंपडणं, लसणाच्या माळा, मिठाची रेघ यांवर भरवसा ठेवू नका. घासलेट तर अजिबात ओतू नका. त्यानं सापाची कातडी भाजते आणि बिथरलेला साप वाट फुटेल तिकडे, कधी घरातही शिरतो.

मे ते ऑगस्ट या दिवसांत जास्तच लक्ष असू द्या. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, एका वेळी वीस, तीस, चाळीसही. वीतभर लांबीची ती पिल्लं जन्मापासून विषारी असतात, आणि मोतीला ती गांडुळासारखी खेळायची वस्तू वाटतात.

फोनजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवा. ठळक अक्षरांत प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर, त्यांच्या दवाखान्याची वेळ, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान, सर्पमित्र, १०८. डॉक्टरांना प्रतिविषाबद्दल आजच विचारून ठेवा, दंश व्हायची वाट बघू नका.

आणि उपचार होऊन मोती घरी आला, तर पुढचे तीन-चार दिवस त्याच्या लघवीचा रंग बघत जा. चहासारखी तांबूस-काळी झाली, किंवा दिवसभर झालीच नाही, तर तो शेपूट हलवत असला तरी त्याच दिवशी परत डॉक्टरांकडे न्यायचं.